डेव्ह, प्रिन्स आणि माझे अकरा फोल्डर

माझ्या लॅपटॉपवर 'गेम' नावाचा एक फोल्डर आहे. त्यात अकरा फोल्डर आहेत. 'टेस्ट', 'टेस्ट२', 'नवीन', 'नवीन_फायनल', 'खरंच_फायनल' वगैरे वगैरे. (ऑफिसात असली नावं ठेवली तर कोड रिव्ह्यूमध्ये माझी पार चंपी होईल. पण हा घरचा मामला आहे.) या अकरांपैकी एकाही फोल्डरमधला गेम पूर्ण झालेला नाही.

सगळ्यात जड फोल्डर किल्ल्याचा. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या प्रत्येक इंजिनिअरला आयुष्यात एकदा तरी वाटतंच, की आपण शिवकालावर एक भव्य गेम बनवावा. मलाही वाटलं. मग मी आणि माझा रूममेट दर शनिवारी बसायला लागलो. मी ४२ पानांचं डॉक्युमेंट लिहिलं. त्यात दिवस-रात्र होती, पाऊस होता, घोडदळ होतं, दारूगोळ्याचा हिशोब होता, गडावरच्या धान्यकोठारात किती दिवसांचा शिधा उरलाय तेही होतं. प्रत्यक्षात काय झालं होतं? एक मावळा डोंगरावरून चालायचा आणि चौथ्या-पाचव्या पावलाला जमिनीतून आरपार खाली पडायचा. त्या फोल्डरमध्ये तो अजूनही पडतोच आहे.

रूममेटचा हात चित्रकलेत चांगला. त्याने तीन बुरूज बनवून ठेवले होते. एका शनिवारी रात्री तो म्हणाला, "अरे, तुझं डॉक्युमेंट झकास आहे. पण गेम कुठाय?" मला जाम राग आला. तुला चिकाटीच नाही, असं काहीतरी मी बोलून गेलो. पुढच्या शनिवारी तो सिनेमाला गेला. त्याच्या पुढच्याही. आणि मग त्याची बंगळूरला बदली झाली. असो.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे माझ्या मावशीचा मुलगा. आठवीत आहे. दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तर फराळाच्या ताटावरच त्याने धरलं. "दादा, तू सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेस ना? मग मला गेम बनवायला शिकव. सुरुवात कुठून करायची?"

चकली तोंडात होती म्हणून बरं. सहा वर्षं नोकरी, चार वर्षं इंजिनिअरिंग, अकरा फोल्डर, आणि उत्तर शून्य. वेळ मारून न्यायला मी त्याला ब्राउझरमध्ये 'डेंजरस डेव्ह' लावून दिला. म्हटलं, हा खेळ, आम्ही शाळेत हाच खेळायचो.

शाळेतली ती कॉम्प्युटर लॅब आठवते का मंडळी? चपला-बूट दाराबाहेर, अख्ख्या शाळेत एसी फक्त तिथेच, आणि एका मशीनवर तिघं. मी सहावीत होतो, म्हणजे २००८ साल. जग कुठल्या कुठे गेलं होतं, पण आमच्या लॅबमधली मशीनं होती विंडोज ९८ ची. सर बाहेर गेले रे गेले, की काळ्या पडद्यावर टाइप करायचं 'डेव्ह' नाहीतर 'प्रिन्स'. लाल टोपीवाला डेव्ह कप घ्यायचा, दारातून जायचा, मग एका बोळातून चालत जाताना वर मजकूर यायचा की अजून ९ बाकी. आणि 'प्रिन्स'च्या पुढे 'मेगाहिट' लिहिलं की चीटकोड चालू होतात, ही विद्या दहावीतल्या एका दादाकडून आम्हाला मिळाली होती. त्याच्याबद्दल आम्हाला सरांपेक्षा जास्त आदर होता.

मावशीच्या मुलाने डेव्ह खेळता खेळता दुसरा प्रश्न टाकला. "हा कुणी बनवला?" तेही मला माहीत नव्हतं. म्हणून गेले काही वीकेंड मी तेच वाचत बसलो होतो. लोकांनी पहिला गेम नेमका कसा बनवला? डेव्हवर येतोच, पण त्याआधीचा एक किस्सा आपल्यासारख्या ट्रेनिंग बॅचमधून गेलेल्यांसाठी आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१९७२ साल. कॅलिफोर्नियात अटारी नावाची नवीकोरी कंपनी. तिथे ॲलन अल्कॉर्न नावाचा २४ वर्षांचा इंजिनिअर लागला. आधी तो ॲम्पेक्स या व्हिडिओ रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीत होता. गेम त्याने आयुष्यात बनवलेला नव्हता. मालक नोलन बुशनेलने त्याला काम दिलं. एक चेंडू, दोन फळ्या आणि स्कोअर, असा टेबल टेनिससारखा खेळ कर. जनरल इलेक्ट्रिकची ऑर्डर आहे म्हणाला. ऑर्डर वगैरे काही नव्हती! नव्या पोराचा हात बसावा म्हणून दिलेलं सरावाचं काम होतं ते, आणि झालं की फेकून द्यायचं होतं. म्हणजे आपण ट्रेनिंगमध्ये 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' करतो ना, तसलाच प्रकार. फक्त क्लायंट खोटा आहे हे पोराला सांगितलेलं नव्हतं. कल्पनाही बुशनेलची स्वतःची नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या 'ओडिसी' यंत्रावरचा टेनिसचा खेळ पाहिला होता. पुढे त्यावरून कोर्टकचेरी झाली आणि १९७६ मध्ये अटारीला तडजोड करावी लागली.

या यंत्रात प्रोसेसर नाही, कोड नाही. बोर्डवर साध्या लॉजिक चिपा जोडून सगळं उभं केलेलं. अल्कॉर्नने दिलेलं काम केलंच, पण थोडं पुढेही गेला. फळीचे आठ भाग केले. चेंडू मधल्या भागाला लागला तर सरळ परत, कडेच्या भागाला लागला तर तिरका. चेंडू बराच वेळ खेळात राहिला की त्याचा वेग वाढवला. आवाज हवा अशी मागणी झाली, बुशनेलला तर लोकांच्या जल्लोषाचा आवाज हवा होता. अल्कॉर्नकडे ना सुटे भाग होते ना जागा. मग त्याने बोर्डवर आधीच तयार होत असलेल्या सिग्नलमधून एक 'टुक' शोधून काढला आणि तोच लावला. सर्किटमधल्या एका त्रुटीमुळे फळ्या पडद्याच्या अगदी वरपर्यंत पोचतच नव्हत्या. ती त्रुटी त्याने तशीच ठेवली, कारण त्या फटीमुळेच पॉइंट जायचा, नाहीतर दोन चांगले खेळाडू दिवसभर खेळत बसले असते. यंत्र सनीव्हेल गावातल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये नेऊन ठेवलं. काही दिवसांनी बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न बघायला गेला तर नाण्यांचा डबा काठोकाठ भरून यंत्र अडलं होतं. हा 'पॉन्ग'. ट्रेनी प्रोजेक्ट!

पण अल्कॉर्न कसा का होईना, पगारी इंजिनिअर होता. मावशीच्या मुलासारख्या पोराने त्या काळात काय करावं? त्याच्यासाठी १९७३ मध्ये एक पुस्तक आलं. डेव्हिड आल हा डीईसी या कॉम्प्युटर कंपनीत होता, त्याने बेसिक भाषेतले १०१ गेम जमवले आणि त्यांचा सगळाच्या सगळा कोड छापला. पुढे १९७८ मध्ये घरगुती कॉम्प्युटरसाठी त्याची नवी आवृत्ती आली. दहा लाखांवर खपलेलं कॉम्प्युटरचं पहिलं पुस्तक ते. त्यात राजा हम्मुराबी होऊन दहा वर्षं राज्य सांभाळायचा गेम आहे. धान्य किती पेरायचं, प्रजेला किती वाटायचं, जमीन घ्यायची की विकायची, एवढंच. चित्र एकही नाही. (माझ्या ४२ पानांतला धान्यकोठाराचा हिशोब या माणसांनी थोडक्या ओळींत उरकला होता, हे बघून काय वाटलं ते विचारू नका.)

पुस्तकाच्या पाठोपाठ मासिकं आली. तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकांत पानंच्या पानं कोड छापलेला असायचा. मासिक आणायचं, मांडीवर ठेवायचं आणि ओळ न् ओळ टाइप करायची. दोन तास टाइप केल्यावर गेम चालू होणार म्हणून रन करायचं, आणि एरर! कुठेतरी शून्याच्या जागी ओ पडलेला. मग परत पहिल्या ओळीपासून. आज आपण कॉपी-पेस्ट करतो आणि कोड कळत नाही. त्यांची कॉपी बोटांतून जायची, आणि चूक शोधताना झक मारत प्रत्येक ओळ वाचावी लागायची. आकडा बदलला की काय होतं बघू, म्हणून सात जीवांचे सत्तर जीव करायचे. माझ्या मते त्या पिढीचं खरं कॉलेज हेच. वर्ग नाही, मास्तर नाही, पण कुणीतरी पूर्ण केलेला गेम आतून उघडा समोर पडलेला.

आता डेव्हवर. डेव्ह बनवला जॉन रोमेरोने. जन्म १९६७ चा. १९७९ च्या सुमाराला, म्हणजे अकरा-बारा वर्षांचा असताना, तो कॅलिफोर्नियातल्या सिएरा कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बसायला लागला. तिथल्या मोठ्या पोरांना विचारून विचारून भंडावून सोडायचं, की हा गेम कसा केला, ही ओळ काय करते. पुढे घरी ॲपल २ आला. त्याचा छापून आलेला पहिला गेम 'स्काउट सर्च', जून १९८४ च्या 'इनसायडर' मासिकात. काय होता हा गेम? एक ठिपका म्हणजे तुम्ही. बाकीचे ठिपके म्हणजे तुमचे स्काउट. अजून एक ठिपका म्हणजे अस्वल. भुलभुलैयात अस्वलाच्या आधी स्काउट गोळा करायचे. बस्स. पुढे 'डूम' काढून जगभर नाव कमावलेल्या माणसाचा हा पहिला छापील गेम, आणि वय १६. ज्या वयात मी सीईटीच्या क्लासला सायकल दामटत होतो.

त्यानंतर त्याने असे ढीगभर गेम केले. छोटे छोटे. आणि महत्त्वाचं म्हणजे पूर्ण करून पाठवले. मासिक असलं की तारीख असते, पानं ठरलेली असतात. काही मासिकं पुढे कागदाऐवजी फ्लॉपीवर निघायला लागली, वर्गणीदाराला दर महिन्याला पोस्टाने फ्लॉपी. 'अपटाइम' नावाचं असंच एक फ्लॉपी मासिक होतं. १९८८ मध्ये रोमेरोने त्यासाठी 'डेंजरस डेव्ह' लिहिला. ज्याच्यावर आपली अख्खी पिढी पोसली, तो गेम मुळात मासिकातला एका महिन्याचा मजकूर! पुढच्या वर्षी तो लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टच्या सॉफ्टडिस्क कंपनीत गेला. तीही फ्लॉपी मासिकं काढणारी. आपल्या लॅबमध्ये होता तो डेव्ह म्हणजे तिथे असताना १९९० मध्ये त्याने केलेली पीसीची आवृत्ती.

डेव्ह कशावरून सुचला हे काही गुपित नाही. 'सुपर मारिओ'. टोपी, उड्या, विटा, गुप्त वाटा, सगळं तिथलं. फक्त मारिओ निन्टेन्डोच्या यंत्रावर सरसर सरकायचा आणि डेव्ह तसा सरकत नाही. आठवून बघा, डेव्ह पडद्याच्या कडेला गेला की खेळ थांबतो, चित्र मोठ्या ढांगेने पुढे ढकललं जातं आणि मग खेळ परत सुरू. लहानपणी वाटायचं की असंच असतं. तसं नव्हतं, त्या काळच्या पीसीला ते झेपतच नव्हतं. प्रत्येक क्षणाला अख्खा पडदा नव्याने रंगवण्याइतका त्यांना वेगच नव्हता.

सॉफ्टडिस्कमध्येच रोमेरोचा सहकारी होता जॉन कार्मॅक, वय २०. त्याने सप्टेंबर १९९० मध्ये यावर तोडगा काढला. अख्खा पडदा रंगवायचाच नाही. चित्र सरकवायचं काम ग्राफिक्स कार्डाच्या गळ्यात मारायचं, आणि सरकल्यावर जे चौकोन खरंच बदलले असतील तेवढेच पुन्हा रंगवायचे. निळं आकाश शेजारच्या निळ्या आकाशावर सरकलं तर कशाला हात लावायचा? आता ही युक्ती चालते हे दाखवायचं कसं? त्याने आणि टॉम हॉलने रात्रभर बसून 'सुपर मारिओ ३' ची पहिली लेव्हल पीसीवर जशीच्या तशी उतरवली. टॉम हॉल टीव्हीवर मारिओ लावून, थांबवून थांबवून, एकेक चौकोन उतरवत होता. आणि मारिओच्या जागी त्यांनी उभा केला कोण? आपला डेव्ह. सकाळी रोमेरोच्या टेबलावर फ्लॉपी ठेवून दोघं झोपायला गेले. गेमचं नावच त्यांनी ठेवलं होतं 'कॉपीराइट भंग करणारा डेव्ह' अशा अर्थाचं. इतका प्रामाणिक चोर मी दुसरा पाहिला नाही.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. त्यांनी मारिओची ही नक्कल आणखी वाढवून निन्टेन्डोला पाठवली. निन्टेन्डोला आवडली, पण आमचा मारिओ पीसीवर नको म्हणाले. मग तीच युक्ती वापरून या मंडळींनी स्वतःचा 'कमांडर कीन' केला, तो १४ डिसेंबर १९९० ला बाहेर पडला. म्हणजे मोजून तीन महिन्यांत. त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसचे कॉम्प्युटर गाडीत घालून घरी न्यायचे आणि सोमवारी सकाळी गुपचूप जागेवर. (आपल्या आयटीवाल्यांच्या हे वाचून अंगावर काटा येईल, मला ठाऊक आहे.) १९९१ मध्ये त्यांनी आयडी सॉफ्टवेअर काढली आणि १९९३ च्या डिसेंबरात 'डूम'.

इथपर्यंत वाचून मी जरा अस्वस्थ झालो होतो. सगळेच दुसऱ्याचं बघून करतात की काय? पॉन्ग बघून, डेव्ह बघून... मी मात्र पहिल्या दिवसापासून 'असा गेम जगात कुणी केलेला नाही' याच्या मागे. म्हटलं, प्रिन्स तरी अस्सल असेल. म्हणून जॉर्डन मेक्नरच्या मागे लागलो.

मेक्नर न्यू यॉर्ककडचा, जन्म १९६४ चा. त्याच्या रोजनिशा छापून आल्या आहेत, त्यामुळे या माणसाचं सगळं उघडं आहे, आळससुद्धा. शाळेत असताना त्याने ॲपल २ वर अटारीच्या 'ॲस्टरॉइड्स'ची नक्कल केली. ती छापायला एक प्रकाशक तयारही होता. पण अटारीने नकला करणाऱ्यांवर कायद्याचा बडगा उगारला आणि ते बारगळलं. म्हणजे याचीही सुरुवात तीच! मग येल विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना त्याने 'डेथबाउन्स' केला. त्यातही ॲस्टरॉइड्सची छाया होतीच, फक्त दगडांच्या जागी रंगीत चेंडू. ब्रॉडरबंड कंपनीला पाठवला. कंपनीच्या डग कार्लस्टनने नाही म्हटलं. पण नुसतं नाही म्हणून सोडलं नाही. सोबत स्वतःच्या कंपनीचा त्या वेळचा हिट गेम 'चॉपलिफ्टर' पाठवून दिला, की हे बघ.

हा नकार मला फार आवडला. मेक्नरने चॉपलिफ्टर लावला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यातलं हेलिकॉप्टर वजनदार होतं. वळायचं, झुकायचं, वाट बघणारी माणसं हात हलवायची, आणि शेवट झाला की सिनेमा संपल्यासारखा शेवट व्हायचा. डेथबाउन्स बाजूला पडला. लेक्चरं बुडवून त्याने 'कराटेका' केला, १९८४ मध्ये आला आणि तुफान चालला. माणसांच्या हालचाली खऱ्या वाटाव्यात म्हणून त्याने आपल्या कराटेच्या मास्तरांचं आणि वडिलांचं शूटिंग केलं आणि त्यावरून चित्रं गिरवली. संगीत वडिलांचं. घरचंच कार्य.

आणि मग प्रिन्स. १९८५ मध्ये मेक्नरने व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि धाकटा भाऊ डेव्हिड याला एका पार्किंगमध्ये पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, भिंतीला लटकायला लावलं. पुढचं काम बघा. टेप टीव्हीवर लावायची, एकेका चित्रावर थांबवायची, अंधारात कॅमेऱ्याने टीव्हीचा फोटो काढायचा. रोल धुवून आणायचा. प्रिंटवर काळ्या मार्करने आणि पांढऱ्या करेक्शनच्या शाईने भावाची आकृती भरून काढायची. त्याची झेरॉक्स काढायची. ती झेरॉक्स परत व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर धरून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची. आणि मग एकेक ठिपका हाताने दुरुस्त करायचा. एका पळण्यासाठी हे एवढं! लॅबमध्ये आपण ज्याला खड्ड्यात पाडून सुळ्यांवर मारायचो, तो कुणाचा तरी सख्खा धाकटा भाऊ होता. तलवारबाजी मात्र घरी जमेना, म्हणून ती १९३८ च्या 'रॉबिन हूड' सिनेमातल्या शेवटच्या द्वंद्वावरून उचलली. पुन्हा तेच. उचललीच!

गेमला चार वर्षं लागली. मधे त्याला सिनेमाच्या पटकथा लिहायच्या होत्या म्हणून महिनेच्या महिने गेम पडून होता. १९८८ मध्ये गेम बराचसा झाला, राजपुत्र सुंदर पळत होता, पण खेळायला मजा येत नव्हती. तुरुंग, सुळे आणि एकटा माणूस. ऑफिसातली एक सहकारी, टोमी पिअर्स, सारखी म्हणायची की यात मारामारी पाहिजे. मेक्नर म्हणायचा, मेमरी संपली, दुसऱ्या माणसाच्या चित्रांना जागाच नाही. मग त्याला एक गोष्ट सुचली. नवीन चित्रं कशाला? राजपुत्राचीच घेऊ. प्रत्येक चित्र एक ठिपका सरकवून त्याच्याशीच एक्सॉर केलं, की काळीभोर, चमचमत्या कडेची आकृती मिळते. आरशातून उडी मारल्यावर आपल्याच अंगातून बाहेर पडणारा तो काळा माणूस आठवतो? आपली बाटली पिऊन टाकणारा, आपल्या तोंडावर दार बंद करणारा? तो असा जन्माला आला. जागा नव्हती म्हणून. मग हुरूप येऊन त्याने कोडमधून आणखी थोडी मेमरी खरवडून काढली आणि तलवारवाले पहारेकरी आले.

ऑक्टोबर १९८९ मध्ये गेम ॲपल २ वर आला तेव्हा ते मशीनच शेवटच्या घटका मोजत होतं. गेम थंड पडला. १९९० मध्ये पीसीवर आला, हळूहळू इतर मशीनांवर गेला आणि मग जगभर. आपल्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर. त्याचे पैसे आपल्यापैकी कुणी दिले नाहीत, हेही सांगून टाकतो.

आता मला खरं सांगायचंय ते. मेक्नरने मूळ कोड हरवला असं धरलं होतं. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात फ्लॉप्या सापडल्या. जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि एप्रिलमध्ये मेक्नरने कोड सगळ्यांसाठी गिटहबवर टाकला. शनिवारी रात्री मी तो उघडला. ६५०२ प्रोसेसरची असेंब्ली, कॉलेजात ८०८५ ची शिकलो होतो त्या जिवावर चाचपडत वाचली. त्यात 'सीक्वटेबल' नावाची एक फाइल आहे. मी समजत होतो की राजपुत्राच्या उडीमागे गुरुत्वाकर्षणाचं गणित असणार. उडीत गणित नाहीच! तक्ता आहे. हे चित्र दाखव, चार ठिपके पुढे जा, हे चित्र दाखव, तीन ठिपके पुढे, हे दाखव... असं ओळीने. पोस्टमनला दिलेल्या पत्त्यांच्या यादीसारखं. मी दोन वर्षं फिजिक्स इंजिनच्या सेटिंगा खालीवर करत होतो आणि माझा मावळा जमिनीतून पडत होता.

त्या रात्री बारावा फोल्डर केला. नाव 'डेव्ह'. मावशीच्या मुलाला फोन करून सांगितलं की आपण डेव्हची पहिली लेव्हल करणार आहोत, एकच, आणि जशीच्या तशी. तो म्हणाला, "दादा, पण मग त्यात आपलं काय?" म्हटलं, कप तू काढ. त्याने वहीच्या कागदावर स्केचपेनने कप काढून मोबाइलवर फोटो पाठवला.

चार वीकेंड लागले. त्यातले दीड उडीत गेले. फिजिक्स इंजिन काढून टाकलं आणि उडीसाठी एक तक्ता लिहिला, सोळा ओळींचा. दुसऱ्या वीकेंडला मला पाऊस घालावासा वाटला. तिसऱ्या वीकेंडला बुरूज घालावासा वाटला, तो तर रूममेटचा तयारच होता. नाही घातला. चौथ्या रविवारी संध्याकाळी डेव्हने कप घेतला, दार उघडलं, तो दारातून गेला आणि पडद्यावर 'संपलं' असं आलं. मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. मग मावशीच्या मुलाला लिंक पाठवली. त्याने अर्ध्या तासात १९ वेळा संपवला आणि दुसरी लेव्हल कधी म्हणून विचारलं.

आणि मग बराच वेळ विचार करून रूममेटलाही पाठवली. आठ महिन्यांत आमचं धड बोलणं नव्हतं. सोबत काही लिहिलं नाही, नुसती लिंक.

रात्री दीड वाजता त्याचा मेसेज आला. एक स्क्रीनशॉट, त्यात डेव्हचा एक पाय उजव्या भिंतीत. "अरे हा भिंतीत अडकतो." पाच मिनिटांनी अजून एक. "कप कुणी काढलाय? फारच वाकडा आहे. मी नवीन काढून देऊ का?"

सकाळी मावशीच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, कप तोच राहणार. त्या दादाला म्हणावं दार काढ.